खातं, हलतं, पण भुंकत नाही

आमच्याकडे नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत तळाला गाळ साठतो. तो कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. आपण फक्त पाणी भरत असतो, आणि एक दिवस आत हात घालून बघावं तर मनगटापर्यंत गाळ! घरातल्या किश्श्यांचंही असंच होतं.

माझ्याकडे गेल्या सहा-आठ महिन्यांत जो साठलाय तो सगळा एका छंदाचा आहे. मांसाहारी झाडांच्या छंदाचा. वाळूजला कंपनीत चहाच्या सुट्टीत मी हे किस्से सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. आमच्या लाइनवरचा शेख तर कार्ड पंच करायच्या आधीच विचारतो, "क्या रे दीपक, आज क्या खाया तेरा झाड?" मग मीही काहीतरी रंगवून सांगतो.

फक्त सुरुवात मी तिथं कधी सांगत नाही. ती आज सांगतो, कारण ती वगळली की बाकीचं सगळं नुसतं हसण्यावारी जातं.

*

आमचा छंद झाडापासून सुरू झालाच नाही. तो कुत्रीपासून सुरू झाला.

माझी मुलगी मनू, वय वर्षं अकरा. दोन वर्षांपूर्वी तिनं पार्किंगमधून एक पिल्लू उचलून आणलं. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. सकाळी मनूला सोडायला ती गेटपर्यंत जायची आणि दुपारी स्कूल व्हॅनचा हॉर्न वाजला की गेटवर हजर असायची. अवगुण एकच. भुंकायची.

सोसायटीची मीटिंग लागली. चेअरमन आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहतात. ते उभे राहून म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही, पण थर्ड फ्लोअरच्या दीपकरावांचं कुत्रं फार भुंकतं!" आणि ठराव मांडला, की इमारतीत पाळीव प्राणी नकोत.

आता मी माणूस कसा, तर कंपनीच्या कँटीनमधल्या उपम्यावरून मी दोन वेळा लेखी तक्रार दिलेली आहे. एकदा उपमा सुधारलाही होता! तर त्या दिवशी चेअरमन म्हणाले, "मान्य असेल त्यांनी हात वर करा." पहिला हात कुणाचा वर गेला असेल? माझा!

घरी आल्यावर बायको, संगीता, म्हणाली, "एक शब्द बोलायचा होता की हो."

"चार लोकांत वाईटपणा कशाला घ्यायचा?" मी म्हटलं.

"अन् पोरीशी घेतला तो?"

असा ठराव कायद्यानं करताच येत नाही, हे मला चार महिन्यांनी कळलं. तेही कुणी सांगितलं नाही, मीच मोबाइलवर शोधलं. तोवर त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

शेख मूळचा बिडकीनचा. त्याच्या ओळखीचे म्हाळूभाऊ म्हणून एक मेंढपाळ तिकडच्या रानात असतात. मेंढ्या राखायला कुत्री लागतातच. मनूची चित्रकलेची परीक्षा होती त्या रविवारी मी खारीला मोटारसायकलच्या टाकीवर पुढ्यात बसवलं आणि पैठण रोडनं नेऊन म्हाळूभाऊंच्या इथं बांधून आलो. आपल्याला फिरायला नेतायत असं वाटून ती रस्ताभर खुशीत होती. हे मला अजून आठवतं आणि आठवू नये असं वाटतं.

मनूला सांगितलं, "खारी शेतावर गेलीय. तिथं मोठी जागा आहे, तिच्यासारखी खूप कुत्री आहेत. मजेत राहील." मनू रडली, जेवली नाही. मग दोन दिवस एकच धोशा, "पप्पा, शेतावर कधी जायचं?"

तिसऱ्या दिवशी म्हाळूभाऊंचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन घेतला.

"भाऊ, तुमचं कुत्रं गेलं हो," म्हाळूभाऊ म्हणाले. "दोन दिस भाकरीला तोंड लावलं नाय. काल दोरी चावली अन् गेलं."

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

"सडकंनं औरंगाबादच्या अंगालाच गेलं म्हणत्यात. आमी लई हुडकलं. तुमच्याकडं आलं का?"

"इकडं कुठली येते हो? वीस-पंचवीस किलोमीटर आहे! ट्रकचा रस्ता आहे!"

पुढचा आठवडाभर शिफ्ट सुटली की मी त्या रस्त्यानं जाऊन यायचो. खारी दिसली नाही. मनूला मी काही सांगितलं नाही. नवल म्हणजे तिचंही विचारणं आपोआप थांबलं. मी संगीताला म्हटलं, "बघ, म्हटलं नव्हतं? पोरं विसरतात."

*

घर शांत झालं. सोसायटीला पाहिजे होतं त्याच्यापेक्षाही जास्त झालं. मनू शाळेतून यायची, जेवायची, अभ्यास करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. नावं ठेवायला काही जागाच नव्हती.

त्यातच एका रोपांच्या प्रदर्शनात मला ते झाड दिसलं. तळहाताएवढी कुंडी, तिच्यात जबड्यासारखी दुमडणारी पानं आणि कडेला दात. स्टॉलवाल्यानं आत काडी फिरवली आणि पान खाडकन मिटलं! "व्हीनस फ्लायट्रॅप," तो म्हणाला. "माश्या खातं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खातं, हलतं, पण भुंकत नाही! शिवाय ठराव प्राण्यांचा आहे, झाडांचा नाही! त्याच गाडीवर, त्याच टाकीवर ठेवून एक फ्लायट्रॅप आणि एक घटपर्णी घेऊन आलो. घटपर्णी म्हणजे जिच्या पानांना सुरया लटकतात आणि आतल्या पाण्यात किडे बुडतात ती. घरी आई, संगीता आणि मनू, तिघींना हॉलमध्ये बसवून जाहीर केलं, "आजपासून ही आपली फॅमिली हॉबी!"

मनूनं झाडाकडं बघितलं. "हे आपल्याला ओळखतं का?"

"झाड आहे बेटा ते."

"मग काय करतं?"

"खातं!"

"हं," ती म्हणाली आणि होमवर्क करायला गेली.

संगीता म्हणाली, "कुत्र्याच्या बदल्यात झाड आणणारा माणूस आमच्याच नशिबात होता."

पण आठवड्याभरात मनूच त्या कुंड्यांपाशी बसायला लागली. मोबाइलवर शोधून वहीत काहीबाही लिहून ठेवायला लागली. मला वाटलं, जमलं! आई एकदा तिला म्हणाली, "नाव ठेव की गं झाडाला काहीतरी."

"नको आजी," मनू म्हणाली. "नाव ठेवलं की जातं."

*

स्टॉलवाल्यानं एक गोष्ट शेवटी सांगितली होती, पैसे घेतल्यावर. या झाडांना नळाचं पाणी चालत नाही आणि बोअरचं तर विषच. पावसाचं द्यायचं, नाहीतर डिस्टिल्ड. आता आमच्या गावात पाणी हाच एक विषय आहे. पाण्याच्या दिवशी अख्खी बिल्डिंग सुट्टी काढून ड्रम भरत असते, आणि त्यात मी गॅरेजवर बॅटरीच्या पाण्याचा कॅन घ्यायला उभा.

"गाडी कोणती?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"गाडी नाही. झाड आहे."

त्यानं कॅन दिला, पण हातात देताना जरा लांबूनच दिला.

घरी आईनं तो कॅन बघितला. माझी आई देवगाव रंगारीची. ती म्हणाली, "आमाला गावातल्या विहिरीवर चढू देत नव्हते रे. वरून कुणी ओतलं तर ओंजळीनं प्यायचो. अन् या बाईला बाटलीतलं लागतं व्हय?" नंतर मात्र बूचभर मोजून तीच पाणी घालायला लागली.

मग मनूनं वाचून काढलं की एसीच्या पाइपातून ठिबकतं ते पाणीही चालतं. आमच्याकडे एसी नाही. पण वर चेअरमनसाहेबांकडे आहे, आणि त्यांचा पाइप बरोबर आमच्या गॅलरीसमोर येतो! परवानगी मागायला मीच वर गेलो. साहेब एकदम खूश. "घ्या की! आपलंच आहे सगळं!" दुसऱ्या दिवसापासून रोज वरून विचारणा, "काय दीपकराव, पुरतंय ना आमचं पाणी?" पुढंपुढं तर मी बादली लावली की ते मुद्दाम एसी दोन नंबरनं वाढवायचे.

त्यांच्या ठरावानं कुत्रं गेलं आणि त्यांच्याच पाण्यावर झाड जगलं. मी रोज संध्याकाळी खालून वर बघून "थँक्यू साहेब" म्हणायचो.

*

आई दर शनिवारी कोरडा दिवस पाळते. म्हणजे डास होऊ नयेत म्हणून घरातली साठलेली सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, पालथी घालायची. एका शनिवारी मी शिफ्टवरून आलो तर घटपर्णीच्या साती सुरया रिकाम्या! आईनं एकेक वाकवून मोरीत ओतली होती आणि आतून कापडानं पुसूनही घेतली होती.

"आई, अगं तेच तर त्याचं पोट आहे!"

"पोट? आत चार डास मरून पडले होते, शी! किती दिवसांचं पाणी ते!"

"ते त्यानं मारलेत! खायला!"

आई जरा विचार करून म्हणाली, "मग आधी सांगायचं. मी जेवतं ताट उचललं की बिचाऱ्याचं." संध्याकाळी ती त्या झाडापाशी जाऊन खरोखर हात जोडून आली. झाडाची माफी मागायला आमच्या घरात कुणालाच काही वाटत नाही, हे मी तेव्हा बघितलं.

*

वर्षावास चालू होता. आमच्या आईचं या तीन महिन्यांत विहारात रोजचं येणं-जाणं असतं आणि रविवारी ती लहान मुलांकडून वंदना पाठ करून घेते. तिनं मनूला चिमट्यात जिवंत माशी धरून झाडाला भरवताना पकडलं!

"काय करते गं हे? विहारात पहिलं शील काय म्हणते तू? जीव मारणार नाही म्हणते ना?"

"आजी, मी नाही मारत. झाड मारतं."

"अन् नेऊन कोण देतं?"

मग आईनंच तोडगा काढला. माशी द्यायची तर आपोआप मेलेली द्यायची, खिडकीत पडतात त्यातली.

"मेलेली चालत नाही आजी," मनू म्हणाली. "पान मिटतं, पण आत काही हललं नाही की त्याला कळतं, हे खोटं आहे. मग ते परत उघडतं."

त्याच सुमारास मी एक नवा उद्योग सुरू केला होता. मनूनं विचारायचं सोडून दिलं होतं, तर मीच आपणहून खारीच्या बातम्या द्यायचो! "म्हाळूभाऊंचा फोन होता. खारी आता मेंढ्या वळवायला शिकली म्हणे!" "खारी जाड झाली म्हणे!" एकदा तर मी तिला लांडग्याच्या मागं पळवलं. मनू ऐकून घ्यायची आणि "हं" म्हणायची. भेटायला जायचं का, असं तिनं विचारलंच तर मी उत्तरही तयार ठेवलं होतं: म्हाळूभाऊ कळप घेऊन लांब चरायला गेलेत, आता उन्हाळ्यातच येतील. ते वापरायची वेळच आली नाही.

तर त्या रविवारी विहारात मीही गेलो. मनूला पुढं उभं केलं होतं, ती म्हणत होती आणि बाकीचे तिच्यामागं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला ती थांबली. चौथं म्हणजे खोटं बोलणार नाही. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, विसरली पोरगी. म्हणून मीच मागून खणखणीत आवाजात म्हणून दिलं!

आई घरी येईपर्यंत कौतुक करत होती, "बापाला अजून पाठ आहे सगळं!"

*

दिवाळीच्या सुट्टीत मनूला न्यायला खुलताबादहून माझा मेहुणा आला. राजू. येताना शहागंजातून नान-खलिया घेऊन आला. जेवता जेवता त्याची नजर गॅलरीकडं गेली.

"दाजी, त्याला नुसत्या माश्यांवर ठेवता? एकदा खलिया चाखू द्या की!"

मी नको म्हणेपर्यंत त्यानं सातही जबड्यांत मटणाचा एकेक तंतू ठेवला होता. पानं मिटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि कोरडं कसं उतरेल म्हणून राजूनं वरून चमचाभर रस्साही सोडला! मनू म्हणाली, "मामा, मिठानं मरेल ते." मामा म्हणाला, "तुझी आई लहानपणापासून हेच खाते, मेली का?"

मनू खुलताबादला गेली आणि चार दिवसांत झाड सडलं. गॅलरीत वासानं उभं राहवेना. मी तडक त्या स्टॉलवाल्याच्या नर्सरीत गेलो आणि म्हटलं, "हुबेहूब असंच द्या." जुनी कुंडी, जुनीच बशी, आत नवं झाड. कुंडीला लागलेला मटणाचा डागसुद्धा मी पुसला नाही, खरं वाटावं म्हणून!

मनू परत आली. कुंडीपुढं बसली. बराच वेळ बसली.

"बरं झालं का हे?" तिनं विचारलं.

"मग! मी काळजी घेतली ना रोज."

"आधी सात पानं होती. आता नऊ आहेत."

"बघ! वाढलं!"

"हं," मनू म्हणाली. "छान झालंय."

मी सुटलो म्हणून आत वळलो तर ओट्यापाशी संगीता उभी. तिनं माझ्याकडं न बघता म्हटलं, "खारीसुद्धा एखादी हुबेहूब मिळते का बघा. रंग तेवढा सांभाळा."

त्या दिवशी मी तिच्यावर चिडलो, ताटावरून उठलो. खरं बोललं की माणूस चिडतोच.

*

पुढं चेअरमनसाहेबांकडे कुणी पाहुणे आले की ते त्यांना आमच्याकडे घेऊन यायला लागले. बेल वाजायची, आणि दारात साहेब, मागं सात-आठ माणसं. "या, या! आमच्या एसीच्या पाण्यावर वाढलंय बरं का!"

मग प्रत्येकाला एकदा बोट घालून बघायचं असतं. पान मिटलं की हशा, पुढचं पान, परत हशा. लहान पोरं तर पेन्सिली घेऊनच यायची. एका रविवारी मनू मध्ये येऊन उभी राहिली.

"काका, एक पान चार-पाच वेळाच मिटू शकतं. मग ते मरतं."

"अरे वा! हुशार आहे हं मुलगी!" साहेब म्हणाले आणि त्यांनी उरलेल्या पानात बोट घातलं.

मनूनं माझ्याकडं बघितलं. मी हॉलच्या मधोमध उभा होतो. माझ्या घरात, माझ्या गॅलरीत. "पुरे आता" एवढे दोनच शब्द लागत होते. मी म्हटलं, "साहेब, चहा घेणार ना?"

चहा घेऊन निघताना साहेब दारात थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा दीपकराव, कुत्र्यापेक्षा हे बरं निघालं की नाही?"

मी म्हटलं, "हो साहेब."

ते गेल्यावर मनू मिटलेली पानं मोजत बसली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "उघडतील गं परत."

ती म्हणाली, "उघडतात. पण दर वेळी त्याला वाटतं, आता काहीतरी आलं."

त्यानंतर दुपारी व्हॅनचा हॉर्न ऐकू आला की मला घरात थांबवत नसे. मी सुट्टी असली तरी काहीतरी काम काढून बाहेर पडायचो.

*

शेवटचा किस्सा जानेवारीतला. थंडी कडाक्याची होती. फ्लायट्रॅपचं एकेक पान काळं पडत गेलं. मनूनं कुंडी उचलून गॅलरीच्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवली होती. मला वाटलं, पोरीनंच आशा सोडली, नजरेआड केलं.

वीकली ऑफचा दिवस होता. मनू शाळेत. मी कुंडी उपसली. मुळाशी कांद्यासारखं पांढरं काहीतरी होतं, टणक. म्हटलं, असेल काहीतरी. खाली घंटागाडीचं गाणं वाजत होतं, नेऊन टाकलं. तिथून तसाच नर्सरीत. स्टॉलवाला मला आता ओळखतो. "हुबेहूब ना?" त्यानंच विचारलं! व्हॅन यायच्या आत मी नवं झाड जुन्या कुंडीत लावून, कुंडी त्याच कोपऱ्यात ठेवून, हात धुऊन पेपर वाचत बसलो होतो.

मनू आली. दप्तरासकट गॅलरीत गेली. तिथूनच तिनं विचारलं, "पप्पा, ते कुठंय?"

"काय गं?"

"जुनं."

"तेच तर आहे! बघ कसं हिरवंगार झालंय."

ती आत आली. दप्तरातून वही काढून तिनं एक पान माझ्यापुढं धरलं. तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: थंडीत हे झाड झोपतं. पानं काळी पडतात. खाली कांदा जिवंत असतो. गार जागी ठेवायचं, हात लावायचा नाही. ऊन वाढलं की परत येतं.

"मी त्याची वाट बघत होते," मनू म्हणाली.

आई खाली बसून मेथी निवडत होती, तिचे हात थांबले. संगीता स्वयंपाकघराच्या दारात आली. खरं बोलायला इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नसती. एक झाडच तर होतं. मेलं समजून टाकलं, चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं, आणि त्याला धरून बाकीचंही बाहेर आलं असतं. मी तोंड उघडलं, आणि जिभेवर आधीच बसलेलं होतं ते बाहेर पडलं.

"अगं, त्याला नर्सरीत नेऊन दिलंय. तिथं मोठी जागा आहे, त्याच्यासारखी खूप झाडं आहेत. मजेत राहील."

मनूनं मान हलवली. वही मिटली, दप्तरात ठेवली, चेन लावली.

"बरं," ती म्हणाली. "मग परवा फोन आला ना पप्पा, की गॅलरीत जाऊन नका घेऊ. गॅलरीतलं सगळं माझ्या खोलीत ऐकू येतं."